फुलाबाईंचा ओटा

खोली सोडायची म्हणजे सामान बाहेर काढलं की झालं, असं रखमाजीला वाटत होतं. सामान निघेपर्यंतच ते खरं ठरलं. कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे जळमटांची चादर. पलंग उचलला, तर खाली धुळीचे बोळे, नातवाची हरवलेली गोटी आणि वाळून कडक झालेली पाल. जिथं जिथं काही टेकलेलं होतं, तिथं तिथं भिंतीवर त्याच्या आकाराचा डाग. घर भरलेलं होतं तोवर बरं दिसत होतं. रिकामं झालं आणि उघडं पडलं.

तो उंबऱ्याशेजारी पायरीवर बसला. सकाळची उन्हं अजून अंगणाच्या कडेलाच होती आणि त्याची कंबर आत्ताच गेली होती.

भोरात, नदीकडे उतरणाऱ्या एका आळीत, कुंदावहिनींच्या घराच्या मागच्या अंगाला या दोन खोल्या. रखमाजी मूळचा राजगडाखालच्या पाली गावचा. भोरच्या भात गिरणीत काम लागलं, पोरांच्या शाळेची सोय होईल म्हणून बायकोला घेऊन इथं आला, तो वीसेक वर्षं राहिला. पोरं शिकली. मंगल कामथडीला दिली. कुमार पालीला परत गेला. गड चढायला येणाऱ्यांना घरी पिठलं-भाकरी जेवू घालायचा त्याचा धंदा बरा चालला होता. मागे दोघं उरली होती, त्यातली फुलाबाई वैशाखात गेली. पोटात गाठ निघाली, पुण्याच्या दवाखान्यात नेली, ती घरी आलीच नाही. पावसाळाभर रखमाजी एकटा राहिला. मग कुमार म्हणाला, "आबा, आता कुणासाठी ऱ्हाताय तितं?" तेव्हा तो निघाला.

मंगल सकाळीच फोनवर ओरडली होती.

"आबा, तुमी झाडूला हात लावू नका. रविवारी येते म्या."

"रविवारी काय करतीस? टेम्पो आज सांगितलाय. आन् दुपारच्याला नवी बाई खोली बघायला यायचीय."

"हितं मळणीला माणसं आल्यात, मला हलता येत न्हाई. तुमी नुस्तं सामान काढा आन् जावा. वहिनी काय बोलायच्या न्हाईत."

"वहिनी न्हाई बोलायच्या. नवी बाई बोलंल."

"बोलंना का! पालीला तुमाला कुठं ऐकू येनार हाय?"

"मला कशाला बोलंल? तुज्या आईला बोलंल."

मग मंगल म्हणाली, "कमरंला जपा," आणि फोन ठेवला.

रखमाजी बोलला त्यात काही खोटं नव्हतं. ती दोघं या खोलीत आली, तेव्हा आधीची बिऱ्हाडकरीण खोली तशीच टाकून गेली होती. भिंतीवर फोडणीचे शिंतोडे, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता, फडताळात उंदराच्या लेंड्या. फुलाबाईनं आठ दिवस घासलं आणि आठही दिवस त्या बाईचा उद्धार केला. पुढं कितीतरी वर्षं तिचा आणि कुंदावहिनींचा तो विषय पुरला. दोघी पापड लाटायला बसल्या की कुणीतरी म्हणायचं, "त्या सातारकरणीची मोरी आठवते का?" आणि दोघी हसायच्या. त्या बाईचा नवराही त्याच मोरीत आंघोळ करत होता, पण त्याचं नाव कधी कुणी काढलं नाही.

एकदा रखमाजीनंच विचारलं होतं, "आगं, घाण काय एकट्या बाईनं केली आसंल का?"

फुलाबाई म्हणाली होती, "भाड्याचा कागद तुमच्या नावावर आसतो. घाण बाईच्या नावावर आसती. आपुन जाऊ तवा बघा, खोली अशी सोडीन की पुढची बाई इचारंल, कोन ऱ्हात हुतं हितं!"

आता ती नव्हती आणि खोली त्याच्या हातात होती. वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. यंदा दिवाळी नव्हती, म्हणून दिवाळीची साफसफाईही नव्हती. वैशाखापासून या घराला बाईचा हात लागलेला नव्हता. जी काय घाण होती, ती सगळी त्याची होती. आणि जाणार होती तिच्या नावावर.

तो उठला. काठीला केरसुणी बांधून जळमटं काढली. ती सगळी डोक्यावर आणि धोतरावर आली. खिडकीचे गज पुसले. दिव्याच्या बटणांवरचा चिकट थर नखानं खरवडला. आधी खाली झाडून घेतलं आणि मग वरचं काढलं, म्हणून पुन्हा झाडावं लागलं. फुलाबाई हे काम वरून खाली कशी करत आणायची, ते इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्यानं बघितलं नव्हतं. दर थोड्या वेळानं तो पायरीवर येऊन बसायचा आणि उठताना चौकटीला धरायचा.

न्हाणीपाशी त्याचा धीर सुटला. पांढऱ्या फरश्या पार पिवळ्या झाल्या होत्या. घासून घासून ब्रशचे केस वाकले, पिवळेपणा हलेना. तेव्हा तो कोपऱ्यावरच्या गेनूच्या दुकानात गेला.

"घासायला काय तरी जोरदार दे, गेनू. खोली सोडतोय."

"आज जाताय व्हय?" गेनूनं मान हलवली. "मग आता उधारीवर तंबाखू कोन न्हेनार माज्याकडनं? घ्या, ही बाटली घ्या. आसिड हाय. फरशी आरशावानी हुती. नाकाला फडकं बांधा, आन् आटपा लवकर, म्या एक वाजता दुकान मिटतोय. चारला उघडीन."

बाटलीनं चमत्कार केला. ओतलं, थोडा वेळ थांबला, ब्रश फिरवला, तर आतून दुधासारखी पांढरी फरशी वर आली. घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. फुलाबाई वर्षानुवर्षं राखेनं न् साबणानं घासत बसली, एवढी सोपी गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, असं वाटलं. बाटलीत निम्मं उरलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

स्वयंपाकघराचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. या खोल्यांत डोळ्यांत भरावं असं तेवढंच होतं. कुंदावहिनींच्या स्वतःच्या ओट्याला तशी चकाकी नव्हती. वहिनी पाहुण्यांना घेऊन मागे यायच्या आणि म्हणायच्या, "बघा, ओटा असा ठेवतात." फुलाबाई पदरानं तोंड पुसत पुसत खुलायची. पण वैशाखानंतर रखमाजीनं त्यावर चहा उतू घालवला होता, डाळ करपवली होती. शेगडीच्या जागी हातभर लांबीचा पापुद्रा धरला होता. त्यानं बाटली त्यावर उपडी केली.

ओटा सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. घाण उकळून निघतेय असं त्याला वाटलं. न्हाणीत असं फसफसलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चांगलं मुरू दिलं, घासलं, तीन-चार तांबे पाणी मारलं. पापुद्रा गेला होता आणि ओला ओटा काळा कुळकुळीत दिसत होता. "झालं बघ," तो मोठ्यानं म्हणाला. घरात एकटं राहून त्याला तशी सवय लागली होती.

मग त्यानं कुंदावहिनींनी सकाळी दिलेली भाजी-पोळी पायरीवर बसून खाल्ली. हात धुवायला आत आला, तर ओटा वाळला होता.

शेगडीच्या जागी पांढरा डाग होता. साधा डाग नव्हे. अंगावर कोड फुटावं तसा, कडा वेड्यावाकड्या, हातभर लांब. त्यानं बोट फिरवलं. बाकीचा दगड गुळगुळीत आणि तेवढी जागा खरबरीत, मांजराच्या जिभेसारखी. त्यानं पाणी मारलं, डाग गेला. वाळलं, डाग आला. पुन्हा मारलं, पुन्हा गेला. नवी बाई बघून जाईपर्यंत ओटा ओलाच ठेवावा, असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण खिडकीतनं ऊन थेट ओट्यावर येत होतं, आणि बाई काय आजच्या दिवसापुरती राहायला येणार होती?

तो ओट्याखाली भिंतीला टेकून बसला. घाण ठेवून गेला असता तरी पत्करलं असतं. घाण निघते. हे निघणारं नव्हतं. फुलाबाईनं वीस वर्षांत जे कमावलं, ते त्यानं एका दुपारी जाळलं होतं, तेही तिचं नाव राखायला निघून. उद्या ती नवी बाई वहिनींबरोबर पापड लाटायला बसेल आणि म्हणेल, आधीच्या बाईनं ओट्याची पार वाट लावलेली.

त्यानं मंगलला फोन लावला.

"मंगल, एक इचारायचं हुतं. कडप्प्याला पांढरं पडलं तर काय करत्यात?"

"कडप्प्याला पांढरं कशानं पडंल?"

"आसंच इचारतो."

"आबा." मंगलचा आवाज बदलला. "काय वतलं तुमी?"

त्यानं रिकामी बाटली पायानं दूर लोटली.

"आसिड वतलं ना? ओट्यावर? आवो, त्यो दगड जळतो त्येनं! लिंबू पिळून ठिवलं तरी डाग पडतो त्याच्यावर. आईनं कधी चिंचेचं भांडं टेकवू दिलं का तुमाला?"

"आता रागं भरून काय व्हनार हाय? सांग काय करू त्ये."

मंगलनं श्वास सोडलेला ऐकू आला. "बारीक पालिश पेपर हाय का? त्येनं आधी घासा, पानी घालून, हळूहळू. मग वाळवा. आन् मग तेल जिरवा. खोबरेल."

"तेल कशाला?"

"आई काय लावायची मग? तुमाला ठावं न्हाई? डोक्याला तेल लावून झालं की हाताला उरलेलं ओट्यावर पुसायची. सारकं. तवा तर त्यो तसा काळा हुता."

रखमाजीला ठाऊक नव्हतं. फुलाबाई दर चार दिवसांनी स्वयंपाकघरात पाट टाकून केस सोडून बसायची, एवढं त्यानं पाहिलं होतं. त्यानंतर हात कुठं पुसते, ते कोण बघतं?

गिरणीतल्या हत्यारांच्या पेटीत पॉलिश पेपरचा एक तुकडा निघाला. त्यानं घासलं. खांदा भरून येईस्तोवर घासलं. खरबरीतपणा पुष्कळ उतरला, पांढरेपणा तसाच राहिला. आता तेल. स्वयंपाकाचं सगळं कुमारनं गेल्या आठवड्यातच पालीला नेलं होतं. तो गेनूच्या दुकानाकडं गेला. फळी लागलेली होती. पुढच्या चौकात बघितलं, तिथंही दुपारची सामसूम. कुंदावहिनींकडं वाटीभर मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं, आणि कशाला हवंय, हेही विचारलं असतं.

घरात तेल नव्हतं असं नाही. दाराच्या खिळ्याला एक कापडी पिशवी वेगळी टांगलेली होती. ती टेम्पोत टाकायची नव्हती, हातात घेऊन जायची होती. तिच्यात फुलाबाईच्या झंपराच्या कापडात गुंडाळलेली काचेची बाटली होती. जास्वंद, माका आणि कढीपत्ता घालून खोबरेल तेल ती स्वतः लोखंडी कढईत कढवायची. दवाखान्यात जायच्या आधी तिनं कढवलं, दोनदा लावलं, बाकीचं राहिलं. रखमाजी काही ते लावत नव्हता. त्याच्या डोक्यावर लावण्यासारखं उरलंही नव्हतं. कधीकधी संध्याकाळी तो नुसतं बूच काढायचा आणि पुन्हा लावायचा. त्यात पाप नव्हतं, पण कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

त्यानं बाटली आणली आणि झंपराच्या कापडाच्या टोकावर चार थेंब घेतले. चार थेंबांनी काय बाटली सरत नाही.

दगडानं ते चार थेंब क्षणात पिऊन टाकले. जागा जरा राखाडी झाली, तेवढंच. त्यानं पुन्हा थोडं घेतलं. पुन्हा तेच. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं तेल दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. उन्हाळ्यात तडकलेली जमीन पहिलं पाणी वर राहू देत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको होतं. पाहिजे तेवढं प्यायल्याशिवाय दगड थांबणार नव्हता.

बाटली निम्म्यावर आली, तेव्हा तो थांबला. बूच लावलं. लांब उभा राहून ओट्याकडं पाहिलं. डाग करडा झाला होता, पण होता. दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसला असता.

पालीला जाऊन या बाटलीचं काय करणार, याचा त्यानं विचार केला. कुमारच्या घरात येणारी-जाणारी माणसं, सून, पोरं. फळीवर ठेवली तर कुणीतरी लावून टाकेल, लपवली तर म्हातारा काय लपवतो म्हणून बघतील. आणि दिवाळीपासून तेलाला किंचित खवट वास यायला लागला होता. हे त्यानं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

मग त्यानं बूच काढलं आणि बाटली ओट्यावर तिरपी केली. या वेळी कापड घेतलं नाही. तळहातानं चोळलं, गोल गोल, कडेपासून मध्ये. सगळ्या खोलीत तो वास भरला. त्यात खवट कमी आणि फुलाबाई जास्त होती. तो चोळत राहिला. एकदा मागे वळून पाहिलं, उगाच. पाट टाकायची तिची जागा रिकामी होती आणि नुकतीच झाडलेली होती.

बाटली संपली तेव्हा दगडानं पिणं थांबवलं.

कुंदावहिनी नव्या बाईला घेऊन आल्या, तेव्हा तो दाराशी उभा होता. नवी बाई शुभ्रा; तिशीच्या आतली, बँकेत नोकरीला, गळ्यात अजून ओळखपत्र. तिनं भिंती पाहिल्या, नळ सोडून पाहिला, न्हाणीत डोकावून "अरे वा" म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली.

"कसला वास येतोय हो काकू? छान आहे."

कुंदावहिनी दारातच थांबल्या होत्या. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी रखमाजीकडं पाहिलं, मग खिळ्यावरच्या रिकाम्या पिशवीकडं.

"ओटा तर मस्तच ठेवलाय," शुभ्रा म्हणाली. तिनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "इथं मात्र जरा फिकट आहे ना? डाग आहे का हा?"

कुणी विचारलं नसतं तर तो गप्प राहिला असता. विचारल्यावर त्याला राहवलं नाही.

"व्हय, डागच हाय. म्या केलाय त्यो, आजच. आसिड वतलं. माजी बायको आसती तर माजा हात धरला आसता. तिचा हात न्हाई त्यात. जे काळं दिसतंय, त्ये समदं तिचं." एवढं एका दमात बोलून तो थांबला, आणि मग म्हणाला, "नाव ठिवायचं तर मला ठिवा."

शुभ्रा गोंधळली. "नाही हो आजोबा, नाव कसलं ठेवायचंय? एवढं स्वच्छ कोण देतं?"

"ठेव, ठेव. त्यांचं बरोबर आहे," कुंदावहिनी म्हणाल्या. पदराचं टोक नाकाला लावून त्यांनी पुन्हा खाली सोडलं. "लक्षात राहू दे हं, शुभ्रा. ओटा फुलाबाईंचा आणि डाग रखमाजींचा. पुढं कुणी विचारलं तर मी असंच सांगणार आहे. आणि त्यावर चिंच-लिंबू टेकवलंस तर माझ्याशी गाठ आहे." मग त्या रखमाजीकडं वळल्या. "इतकी वर्षं त्या म्हणायच्या, आमच्या ह्यांना एक काम धड येत नाही. मी म्हणायचे, असं कसं असेल? आज पटलं."

रखमाजी हसला. हसताना कंबर दुखली, तरी हसला.

टेम्पो चारच्या पुढं आला, कुमारला घेऊन. कुमारनं आणि टेम्पोवाल्यानं पलंग चढवला, कपाट चढवलं. सगळ्यात शेवटी देव निघायचे होते. फुलाबाईनं तांबड्या फडक्यात बांधून द्यावेत तसे कुंदावहिनींनी ते बांधून पाटावर ठेवले होते. ते मांडीवर घेऊन पुढं बसायचं आणि पालीच्या घरात आधी देव न्यायचे, मग सामान, असा घरचा रिवाज होता. नेणारा घरातला थोरला.

"आबा, हात धुवून घ्या," कुमार म्हणाला. "तेलकट झाल्यात. देव घ्यायचेत ना?"

रखमाजीनं उजवा तळहात पाहिला. रेघारेघांत तेल होतं.

"देव तू घे," तो म्हणाला. "माजा हात आसू दे."

कुमारनं बापाकडं पाहिलं, मग वाकून देव उचलले. रखमाजी हळूच चौकटीला धरून उतरला. धरली ती डाव्या हातानं. वहिनी आत केरसुणीला हात लावत नव्हत्या. माणूस घरातून निघालं की पाठीमागं लगेच झाडत नाहीत. टेम्पो आळीतून वर निघाला, तेव्हा त्या दारात नुसत्या उभ्या होत्या. नसरापूर येईपर्यंत रखमाजीनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, कशालाही न लावता.